भेगेचं वय

१

लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकून बसली होती आणि तळमजल्यावर पिशव्या घेऊन ताटकळलेली माणसं सेक्रेटरीच्या नावाने बोटं मोडत होती. संध्याकाळची वेळ. वर कुणीतरी आतली जाळी उघडी टाकली असणार, हे नेहमीचंच. शेवटी लिफ्टवाल्याला फोन गेला. तो आला, कपाळाला आठ्या घालून त्याने आपल्या त्रिकोणी किल्लीने खालचं दार उघडलं आणि खड्ड्यात वाकून पाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरकला.

खड्ड्यात सोसायटीचे खजिनदार पडले होते. आयुष्यभर जहाजावर इंजिनियर होते, म्हणून सगळे त्यांना 'चीफ' म्हणत. पाचव्या मजल्यावर, त्यांच्याच घरासमोर, लिफ्टचं दार अर्धवट उघडं होतं आणि उंबऱ्याशी त्यांची एक चप्पल पडली होती. दाराचं कुलूप ढिलं झालं होतं. ओढलं की दार उघडत होतं, लिफ्ट असो वा नसो.

पोलिसांनी पंचनामा केला आणि अपघात लिहून घेतला. इमारतभर एकच वाक्य फिरलं. ज्या लिफ्टच्या दुरुस्तीसाठी बिचारा घसा कोरडा करत होता, तिनेच त्याला खाल्लं.

आठवड्याने विमा कंपनीची सर्वेअर आली. पन्नाशी ओलांडलेली, उजवा गुडघा कुरकुरणारी, नवऱ्याच्या मागे एकटीच राहणारी बाई. जळकी गोदामं आणि बुडालेल्या होड्या तपासण्यात तिचा जन्म गेला होता. ऑफिसात तिला 'पारखी' म्हणत. आडनाव तिचं वेगळंच होतं, पण ते आता तिलाही परकं वाटायचं. भरपाईच्या दाव्यावर सही करण्याआधी जागा बघून यायची, एवढंच तिचं काम.

"सरळ केस आहे," साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. "दुपारपर्यंत उरकून या."

तिने पाचव्या मजल्यावरचं कुलूप बॅटरीच्या उजेडात पाहिलं. भिंग लावून पाहिलं. मग रुमालाने पुसून पुन्हा पाहिलं.

खटक्याची जीभ वाकली होती, खरंय. पण झिजलेलं लोखंड गोल होतं, काळं पडतं, तेल आणि धूळ पोटात घेऊन बसतं. या जिभेवरचे ओरखडे नव्या नाण्यासारखे लखलखत होते.

हे कुलूप म्हातारं होऊन मेलं नव्हतं. त्याला कुणीतरी मारलं होतं.

२

सेक्रेटरीने तिला ऑफिसात बसवलं. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्या. सेक्रेटरी गोलमटोल, घामेजलेला आणि बोलका. अकरा वर्षं तो बिनविरोध निवडून येत होता आणि त्याचं कारण तो स्वतःच अभिमानाने सांगायचा.

"एक पैशाने मेंटेनन्स वाढू दिला नाही. लोक दुवा देतात."

"आणि चीफ?"

"ते शिव्या देत." तो हसला, मग हसू गिळलं. "चांगला माणूस हो, पण डोक्यात एकच किडा. राखीव निधी. म्हणे इमारतीत जी वस्तू आहे ती कधीतरी मरणार, तर तिच्या मरणाचे पैसे आजपासून बाजूला टाका. चार सभांमध्ये ठराव आणला, चारदा पडला. मग खडू घेऊन फिरायला लागले. पंपावर दोन लिहिलं, गच्चीवर चार, लिफ्टवर शून्य. म्हणजे तेवढी वर्षं उरली. लहान मुलं भ्यायला लागली ना! एका आजीबाईंनी तर मला विचारलं, माझ्या दारावर नाही ना लिहून गेले?"

"ते आकडे आता दिसत नाहीत."

"पुसले. मीच पुसायला लावले. येणारा-जाणारा काय म्हणेल?"

पारखीची नजर भिंतीवर गेली. खिळ्यांच्या रांगेत एक त्रिकोणी किल्ली होती. लिफ्टची दारं बाहेरून उघडायची.

"ही त्या दिवशी कुठे होती?"

"इथेच. फोन आल्यावर मी धावत आलो, तेव्हा याच खिळ्यावर होती. लिफ्टवाल्याकडे त्याची स्वतःची असते."

"ऑफिसची चावी कुणाकुणाकडे असते?"

"माझ्याकडे, चेअरमनबाईंकडे आणि वॉचमनकडे. चीफकडे नव्हती. ते मागत होते, मी दिली नाही. अहो, त्यांना किल्ली दिली असती तर रोज लिफ्टच्या विहिरीत पाय टाकून बसले असते. शेवटी टाकलाच की पाय. लिफ्ट आलीय समजून टाकला."

लिफ्टवाला बाहेर जिन्याच्या पायरीवर बसला होता. हडकुळा, डोळे लाल. त्या दिवसापासून झोप नव्हती असं दिसत होतं.

"बाई, नोकरी गेली तरी चालेल, पण खोटं बोलणार नाही. मागच्याच महिन्यात सगळी कुलपं मी हाताने बघितली. पाचव्याचं ठणठणीत होतं. सेक्रेटरी म्हणतात मी बघितलंच नाही, अंगावरचं झटकतोय. आणि लोक म्हणतात, लिफ्ट समजून चीफसाहेबांनी पाय टाकला."

"मग?"

"ते लिफ्टमध्ये बसायचेच नाहीत, बाई! दोन वर्षं झाली, पाच मजले पायी चढायचे. मला म्हणायचे, तू पोरगा चांगला आहेस, पण तुझी लिफ्ट म्हातारी झालीय. जो माणूस लिफ्टमध्ये बसत नाही, तो लिफ्ट समजून पाय कशाला टाकेल?"

३

चीफच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. घर जहाजाच्या केबिनसारखं आवरलेलं होतं, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी. काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि समोर बसल्या. रडून झालं होतं, आता त्या फक्त थकलेल्या होत्या.

"पोलिसांनी यांच्या अंगावरच्या वस्तू परत दिल्या," त्या म्हणाल्या. "त्यात एक गोष्ट मला कळत नाही. यांच्या दोन चष्म्यांपैकी लांबचा शर्टाच्या खिशात होता आणि जवळचा गळ्यातल्या दोरीला, फुटलेला. जवळचा चष्मा लावून हे चार पावलंसुद्धा चालत नसत. चक्कर यायची. जिन्यावर, पॅसेजमध्ये नेहमी लांबचा. जवळचा फक्त वाचायला, नाहीतर काही निरखायला."

"म्हणजे पडताना ते चालत नव्हते."

"काहीतरी बघत होते. पण काय? आणि बंद दारातून कसे?"

पारखीने विचारलं, "शेवटचे काही दिवस ते कशाच्या मागे होते?"

काकूंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"भेगेच्या. खाली पार्किंगमध्ये, पंपाच्या खोलीमागे एक खांब आहे. त्यावर यांनी आकडा लिहिला नव्हता, फुली मारली होती. त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, जमिनीखालची टाकी कित्येक वर्षं झिरपतेय, पाणी खांबाच्या मुळाशी गेलंय. भेग वर चढतेय. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीने खांबावर गिलावा करून रंग मारला. तर हे म्हणाले, हाच खांब लिफ्टच्या विहिरीला, म्हणजे ती वरखाली फिरते त्या पोकळीला, लागून वर जातो आणि तिला आतून गिलावा नसतो. तिथे ती भेग उघडी दिसेल, ती कुठवर चढलीय ते बघितलं की तिचं वय कळेल. वय कळलं की सांगता येईल, इमारतीकडे किती वेळ आहे." त्यांनी पदराने ओठ टिपले. "रविवारच्या सभेत सांगणार होते. सगळ्यांसमोर."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सेक्रेटरीला सांगितलं, तर तो म्हणाला लोकांना घाबरवू नका. चेअरमनबाईंना सांगितलं. त्या एकट्याच यांच्या बाजूच्या. चारही सभांत यांच्या ठरावाला त्यांनीच अनुमोदन दिलं होतं."

पारखी पार्किंगमध्ये उतरली. पंपाच्या खोलीमागे दिवसाही अंधार होता आणि ओल्या सिमेंटचा वास. खांब सापडला. गुळगुळीत, नवा गिलावा, वर पिवळा रंग. तिने पर्समधली किल्ली काढून खांबावर ठोकलं. वर ठोकलं तेव्हा आवाज ठक्क आला. खाली, कमरेच्या उंचीवर ठोकलं तेव्हा रिकाम्या डब्यासारखा आला.

तिने दुसऱ्यांदा ठोकलं. गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा सुटून तिच्या पायाशी फुटला. आत सळ्या नव्हत्या. सळ्यांच्या जागी तांबड्या गंजाची पोळी होती, बोटाने दाबली तर चुरा होणारी.

या खांबावर सात मजले उभे होते.

४

"गिलावा मीच करून घेतला," सेक्रेटरी म्हणाला. त्याचा सगळा बोलकेपणा आटला होता. "चीफने फुली मारली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला वाटलं, वरवरचं आहे. खरं सांगू? मला तसं वाटून घ्यायचं होतं. खांब दुरुस्त करायचा तर घरटी केवढी रक्कम पडेल! अकरा वर्षांत आपण काही साठवलंच नाही. लोक मला फाडून खातील."

"म्हणून चीफचं तोंड बंद केलं?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "बाई, त्या संध्याकाळी मी माझ्या सासऱ्यांना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. लोकांनी फोन केला तेव्हा मी तिथेच होतो, डॉक्टरांना विचारा. मी भित्रा आहे, लबाडही असेन. पण माणूस मारण्याइतकी हिंमत असती तर मेंटेनन्स वाढवायची नसती का केली?"

उत्तर खरं वाटत होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त वाईट होतं. तिने पालिकेच्या इंजिनियरला फोन करून खांब बघायला बोलावलं आणि वर निघाली. लिफ्ट बंदच होती. गुडघ्याच्या नावाने खडे फोडत ती जिना चढत राहिली.

सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक जोडपं भेटलं. त्याच्या हातात मोजपट्टी होती, तिच्या कडेवर पेंगुळलेली मुलगी. एक मुलगा पुढे पायऱ्या उड्या मारत उतरत होता.

"तुम्ही इथे राहता का हो?" तिने विचारलं. "इमारत कशी आहे? आम्ही वरचा फ्लॅट घेतोय. बाई म्हणाल्या, अजून चाळीस वर्षं हलणार नाही. आज पडद्यांची मापं घेतली."

"कुठल्या बाई?"

"चेअरमनबाई. गेल्या शुक्रवारीच कागद व्हायचे होते, पण ते गृहस्थ गेले ना, तर बाईच म्हणाल्या, चार दिवस जाऊ द्या, बरं दिसत नाही. आता उद्या करतोय." ती हसली. "फार मायाळू आहेत. आधी आलो तेव्हा वीज नव्हती, तर टॉर्च घेऊन स्वतः खोलीन् खोली दाखवली."

५

चेअरमनबाई साठीच्या, सडपातळ, शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. साडीची घडी मोडलेली नाही, आवाज चढलेला नाही. त्यांनी पारखीला बसवून चहा दिला. बैठकीच्या खोलीत भिंतींवर फिकट चौकोन उमटले होते, तसबिरी काढल्यावर उरतात तसे. कोपऱ्यात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले.

"रंग द्यायचाय," त्या म्हणाल्या.

"जिन्यात एक जोडपं भेटलं."

बाईंनी कप बशीत ठेवला. "हो. मुलाकडे जाणार आहे मी. अजून कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं राहिल्यावर सांगायला जीभ उचलत नाही."

"चीफ तुमचे मित्र होते ना?"

"मित्र कसले, सख्ख्या भावासारखे." त्यांनी डोळे मिटले. "किती वेळा बजावलं होतं मी त्यांना. या वयात टॉर्च घेऊन कुठेही डोकं घालत जाऊ नका. ऐकणारे नव्हतेच."

"त्या संध्याकाळी तुम्ही घरी होतात?"

"घरीच. टीव्हीवर बातम्या लावल्या होत्या. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही."

"आणि लिफ्ट तुमच्याच मजल्यावर अडकली होती."

"समोरचा फ्लॅट बंद असतो. पण गच्चीवर मुलं येतात, जाळी उघडी टाकून जातात." त्या उठल्या. पारखीनेही कप खाली ठेवला.

खाली उतरताना तिच्या डोक्यात काहीतरी घोंगावत होतं, कानात गेलेल्या चिलटासारखं. बाई शोकाने बोलल्या, मायेने बोलल्या. मग खटकलं काय?

चौथ्या मजल्यावर ती थबकली. कठड्याला धरून तिने सगळ्यांची वाक्यं एकामागून एक पुन्हा ऐकली. मग ती भरभर पाचव्यावर परत चढली आणि काकूंचं दार वाजवलं.

"काकू, चीफसाहेबांचा टॉर्च कुठे आहे?"

"दुकानात. बिघडला म्हणून हे जायच्या आधीच्या आठवड्यात मीच टाकला, अजून आणलेला नाही. का हो?"

पारखी उत्तर न देता उतरली. लिफ्टवाल्याला घेऊन ती खड्ड्यापाशी गेली. तळाशी काळं तेलकट पाणी साचलं होतं. लिफ्टवाल्याने शिडी लावली, आत उतरला आणि बाही वर करून स्प्रिंगच्या मागच्या सांदीत हात घातला. बराच वेळ चाचपडत राहिला.

"बाई," तो खालून म्हणाला, "इथं काहीतरी आहे."

त्याने वर धरलेल्या हातात एक टॉर्च होता. दांड्याला हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या ऑफिसात माणसं दाटीवाटीने बसली होती. सेक्रेटरी, काकू, चेअरमनबाई, दाराशी लिफ्टवाला. कागद करायला निघालेलं ते जोडपंही होतं, पारखीने त्यांना फोन करून इकडे बोलावलं होतं. भिंतीला टेकून फौजदार उभे होते. जांभई द्यायच्या बेताने आले होते, आता सरळ उभे होते. बाहेर अंगणात पालिकेची गाडी लागली होती.

"मी पोलीस नाही," पारखी म्हणाली. "मी फक्त नुकसान कशाने झालं ते सांगते. तर ऐका. चीफ लिफ्टमध्ये बसत नसत. नाकावर जवळचा चष्मा होता. म्हणजे ते चालत जाऊन पडले नाहीत. ते उघड्या दाराशी वाकून आतली भिंत निरखत होते. ते दार त्या वेळी ठणठणीत होतं, त्रिकोणी किल्लीशिवाय उघडत नव्हतं. चीफकडे किल्ली नव्हती. कुणीतरी ती इथून आणून दार उघडून दिलं. नंतरच्या गडबडीत किल्ली पुन्हा या खिळ्यावर आली. मेलेला माणूस किल्ली जागेवर ठेवायला येत नाही. आणि दार आपोआप उघडलं असं वाटावं म्हणून कुलपाची जीभ मागाहून वाकवली."

सेक्रेटरीने भिंतीवरच्या किल्लीकडे पाहिलं.

"ऑफिसची चावी तिघांकडे. सेक्रेटरी दवाखान्यात होते, मी डॉक्टरांना विचारलं. वॉचमन फाटकावर होता, लिफ्टसाठी खोळंबलेल्या सगळ्यांनी त्याला तिथेच पाहिलं. लिफ्टवाल्याकडे स्वतःची किल्ली आहे, पण तो बोलावल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाहून आला. आणि तो दोषी असता तर कुलूप चांगलं होतं असं ओरडून सांगत फिरला नसता. कुलूप खराब होतं म्हणण्यातच त्याचा बचाव होता." ती चेअरमनबाईंकडे वळली. "बाई, या इमारतीत सगळ्यांच्या तोंडी एकच आहे, चीफनी पाय टाकला. तुम्ही एकट्या म्हणालात डोकं घातलं. टॉर्च घेऊन."

"बोलण्याची पद्धत असते एकेकाची," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते नेहमीच टॉर्च घेऊन हिंडायचे."

"त्यांचा टॉर्च दुकानात आहे. हा खड्ड्यात सापडला." पारखीने टॉर्च टेबलावर ठेवला. "पंचनाम्यात याचा उल्लेखसुद्धा नाही. तो काल संध्याकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हता. ज्याने तो चीफच्या हातात दिला, त्याच्याशिवाय."

कडेवरच्या मुलीला सावरत ती तरुण आई पुढे वाकली. "अहो, हा तर..." ती म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहून थांबली.

"बोला," फौजदार म्हणाले.

"हा बाईंचा आहे. वीज नव्हती तेव्हा याच टॉर्चने आम्हाला घर दाखवलं. ही हिरवी पट्टी सुटत होती, मीच दाबून बसवली."

काकूंनी मान वर केली. आठवडाभर त्या कुणाकडे नीट पाहत नव्हत्या. आता चेअरमनबाईंकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

"मुलाने धंद्यासाठी लोकांचे पैसे उचलले," बाई म्हणाल्या. आवाज अजूनही वर्गात शिकवल्यासारखा. "फेडले नाहीत तर तो तुरुंगात जाणार. माझ्याजवळ हे घर सोडून काय आहे? शुक्रवारी कागद व्हायचे होते. मी तुमच्या यजमानांना सगळं सांगून हात जोडले. म्हटलं, रविवारी सभेत जरूर बोला, पण घर घेणाऱ्यांना शनिवारपर्यंत काही सांगू नका. दोनच दिवस. ते म्हणाले..." इथे पहिल्यांदा आवाज चिरकला. "म्हणाले, त्या घरात दोन लेकरं येणार आहेत. मी कुठल्या तोंडाने त्यांना जिन्यात भेटू?"

"आणि म्हणून रागाच्या भरात..." सेक्रेटरी पुटपुटला.

"राग नव्हता," पारखी म्हणाली. "लिफ्ट सातव्यावर अडवून ठेवली होती, विहीर खालपर्यंत मोकळी राहावी म्हणून. रागावलेला माणूस आधी वर जाऊन जाळी उघडी टाकून येत नाही."

बाईंनी नाही म्हटलं नाही. "मी म्हटलं, चला, मला आधी भेग दाखवा. किती आनंद झाला त्यांना. इतक्या वर्षांत कुणी बघायला मागितलंच नव्हतं."

लहान मुलगा आईचा पदर ओढून विचारत होता, आपण नव्या घरी कधी जायचं?

बाहेरून पालिकेचे इंजिनियर आत आले. कपड्यांवर सिमेंटची धूळ, हातात हातोडी. खोलीत काय चाललंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"इथला जबाबदार माणूस कोण?" ते म्हणाले. "दुपारच्या आत इमारत रिकामी करा. सगळी."

७

चीफ गेल्यामुळे पुढे ढकललेली सभा त्या रविवारी रस्त्यावर भरली. दुसरी जागाच नव्हती. फाटकाला पालिकेने कुलूप घातलं होतं, खाली पार्किंगमध्ये लोखंडी टेकू ठोकल्याचे घण ऐकू येत होते, आणि प्रत्येक घणासरशी माणसं मान वर करून आपापल्या खिडकीकडे बघत होती. कुणी भावाकडे राहत होतं, कुणी बहिणीकडे, कुणी शाळेच्या वर्गात. गाद्या, फ्रीज, सायकली फुटपाथवर रचलेल्या. पारखीचं काम संपलं होतं, अहवालही गेला होता. तरी ती आली होती. काकू तिच्याकडे राहत होत्या, त्यांना एकटं कसं पाठवणार?

भेग विहिरीच्या भिंतीतून पाचव्या मजल्याच्या वरपर्यंत गेली होती. तिचं वय इंजिनियरांनी काढलं. सेक्रेटरी निवडून आला त्याच सुमाराची. पहिल्या वर्षी दिसली असती तर आठवड्याभराचं काम होतं, असं ते म्हणाले. आता इमारत वाचेल की पाडावी लागेल, हे महिन्याभराने कळणार होतं.

सेक्रेटरी खुर्चीवर चढला. दाढी वाढलेली. त्याने राजीनामा दिला होता, पण सभा चालवायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

"ठराव एकच आहे," तो म्हणाला. "चीफचाच. राखीव निधी सुरू करायचा. आणि तुमची हरकत नसेल तर त्याला त्यांचं नाव द्यायचं."

चर्चा झाली नाही. चार सभांत ज्यांनी घसा कोरडा होईपर्यंत विरोध केला होता त्यांचे हात सगळ्यात आधी वर गेले. बघता बघता रस्ताभर हातच हात झाले. कुणीतरी टाळी वाजवली, मग बरेच जण वाजवायला लागले. एक बाई हमसून रडायला लागली.

काकूंचा हात मांडीवरच होता.

"काकू?" सेक्रेटरी अजिजीने म्हणाला. "तुमचं मत?"

काकू उठल्या. टाळ्या हळूहळू थांबल्या. खालचे घण मात्र चालूच होते.

"पैसे मी देणारच आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी देईन. पण यांचं नाव देऊ नका. यांनी जे मागितलं होतं ते हे नव्हे. राखीव निधी छप्पर डोक्यावर असताना जमवतात. आता आपण जे गोळा करतोय, त्याला वर्गणी म्हणतात."

काकूंनी पिशवीतून पाकीट काढून सेक्रेटरीच्या हातात दिलं आणि पारखीच्या सोबतीने रस्ता ओलांडला.